अष्टमीची ओहोटी

आमच्या बाबांना साधी गोष्ट सरळ सांगता येत नसे. बाजारातून आंबे आणले तरी पिशवी पाठीमागे धरून ते दारातच विचारायचे, "ओळख, काय आणलं?" वास घरभर सुटलेला असायचा, पण आपण ओळखेपर्यंत पिशवी काही पुढे यायची नाही. लोक ताकाला जाऊन भांडं लपवतात, बाबा ताक घेऊन येतानाही भांडं लपवत. मला लहानपणी याची गंमत वाटे आणि विशीत आल्यावर वैताग येई. आता त्या सवयीचा फक्त राग येतो, आणि तो माणूस समोर नाही म्हणून राग काढायचा कुणावर हेही कळत नाही.

ते रत्नागिरीत कचेरीत कारकून होते. आई मी लहान असतानाच गेली. घरात बाबा, मी आणि बाबांची मोठी बहीण, म्हणजे माझी आत्या. ती विधवा होऊन आमच्याकडे आली आणि घर तिनेच सांभाळलं. दोघं भावंडं पूर्णगडची. खाडीच्या काठावर वाढलेल्या माणसाला घड्याळ लागत नाही, असं बाबा म्हणत. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे गणित मला पाढ्यांच्या आधी शिकवलं गेलं. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराला पाणी तळाला. पुनवेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, आणि तेही साधी भरती नव्हे, उधाण.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. कोकण रेल्वे तेव्हा बोलण्यातच होती आणि गावात दूरदर्शन नवीन होतं. रविवारी सकाळी पोरं त्या डब्यापुढे बसतात आणि पायाखालचा किल्ला कुणाचा ते त्यांना माहीत नसतं, याचं बाबांना फार वाईट वाटे. म्हणून त्यांनी एक खेळ काढला. रत्नदुर्गावर भगवतीच्या देवळात नारळ ठेवून निघायचं. एक कोडं सोडवलं की पुढच्या जागेचा पत्ता लागणार, तिथे नारळाच्या करवंटीत दुसरं कोडं. शेवटच्या जागी ते स्वतः बसून राहणार. बक्षीस काय ते गुपित, आणि ती जागा कुठली ते तर त्याहून मोठं गुपित. मी खेळणारी, म्हणून मला सांगणार नव्हतेच. आत्यालाही सांगितलं नाही. आत्याला त्यांनी फक्त एकदा विचारलं, "अष्टमीला बाराला पाणी तळाला असतं ना गो?" ती म्हणाली, "खाडीवर वाढलास ना रे? मला काय विचारतोस?"

पौषातल्या अष्टमीचा रविवार ठरला. त्याच्या आधीच्या गुरुवारी मुंबईहून तार आली. बाबांचे एक चुलतभाऊ गेले होते. आम्ही त्यांना वर्षानुवर्षं पाहिलेलं नव्हतं, पण भाऊबंदांतलं सुतक म्हणजे पुरे दहा दिवस. आत्या सासरची झाल्यामुळे तिला ते नव्हतं. दुसऱ्यांना पाळायला लावण्यात मात्र तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. सुतकात देवीला नारळ कसा ठेवणार? बाबांनी जरा कुरकुर केली, "नारळ तू ठेव, मी बाहेर उभा राहतो," असंही म्हणून पाहिलं. आत्याने ऐकलं नाही. मग दोघांनी कॅलेंडरपुढे उभं राहून बोटांच्या पेरांवर दिवस मोजले. दहावा दिवस पुढच्या शनिवारी येत होता. रविवारी नाहून मोकळे. खेळ आठवडाभर पुढे गेला. त्या मोजणीत कुणाची काही चूक झाली नाही.

त्या रविवारी आठच्या सुमाराला आम्ही गडावर होतो. मी, माझ्या कॉलेजातल्या दोन मैत्रिणी आणि शेजारचे दोघे भाऊ. आंब्याला मोहोर आला होता आणि हवेत थंडी होती. बाबांनी नारळ ठेवला, गाऱ्हाणं घातलं. "बाये भगवती, पोरं खेळायला निघालीत, त्यांच्या पाठीशी राहा, वाटेत काय वाकडं असेल तर ते सरळ कर." आम्ही सगळ्यांनी "होय महाराजा" म्हटलं. त्यांनी स्वतःसाठी काही मागितलं नाही, खेळायला पोरंच निघाली होती.

पहिलं कोडं त्यांनी तोंडीच सांगितलं. आदिलशाहीच्या माणसांनी इथून समुद्र राखला, महाराजांच्या माणसांनी राखला, आता रात्रभर एकच डोळा राखतो. मग पायजमा दुमडला, खांद्याला शबनम पिशवी अडकवली आणि हसत हसत पायवाटेने खाली उतरले. मी तटावरून त्यांच्याकडे बघत होते. खाली समुद्र अर्ध्यावर होता, निम्मे कातळ उघडे, निम्मे पाण्यात. भरती चढताना आणि ओहोटी उतरताना पाणी एकदा तरी सारख्याच जागी दिसतं. नुसतं बघून ते येतंय की जातंय हे सांगता येत नाही, त्यासाठी थोडा वेळ उभं राहावं लागतं. बाबांना उभं राहायला वेळ नव्हता, आम्हाला जागा कळू नये म्हणून ते घाईने दिसेनासे झाले.

एक डोळा म्हणजे दीपगृह, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. तिथल्या बुरुजाच्या जांभ्या दगडांत करवंटी सापडायलाच वेळ गेला. दुसरं कोडं होतं, 'एका अंगाला काळा समुद्र, एका अंगाला पांढरा, मधे माझं पोट. गलबतं गेली, होड्या उरल्या.' यावर आमचं बरंच भांडण झालं. मांडवीची वाळू काळी म्हणून मैत्रीण म्हणाली मांडवी; ती काळी वाळू आणि पलीकडची पांढरी यांच्या मधे बंदर येतं म्हणून मी म्हणाले मिरकरवाडा. शेवटी माझं खरं धरून आम्ही गड उतरलो. वाटेत कुणीतरी गाणं म्हणत होतं. मला त्या उतारावर उगाचच अस्वस्थ वाटत होतं. कोपऱ्याकोपऱ्यावर समुद्र दिसे आणि दर वेळी तो मघापेक्षा जवळ आल्यासारखा वाटे. उन्हाने तसं दिसत असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

मिरकरवाड्याच्या बंदरावर एका झाडाखाली आत्या कोकम सरबताची कळशी घेऊन बसली होती. तिसरी करवंटी तिच्या पदराखाली. ती द्यायच्या आधी एक प्रश्न विचारायची बाबांची सक्त ताकीद होती. आत्याने तो घोकून ठेवला होता. "आदिलशहाच्या आधी हा मुलूख कुणाचा?"

"बहामनींचा," मी म्हणाले.

आत्या करवंटी काढायला वळली आणि बंदराकडे बघत थांबली. होड्या धक्क्याच्या बरोबरीने उभ्या होत्या. दोऱ्या ताणल्या होत्या.

"उधाण आहे," ती म्हणाली. "पुनव ना आज."

एवढं बोलून करवंटी हातात तशीच धरून ती माझ्याकडे वळली.

"गो, त्याने मला अष्टमीचं पाणी विचारलंन होतं. बाराला तळाला असतं ना, म्हणून."

 म्हणजे जिथे बसायला ओहोटीच हवी अशा जागी ते बसले होते. भाट्यापासून मिऱ्यापर्यंत सगळा किनारा पडला होता आणि त्यातली कुठली जागा हे एकाच माणसाला माहीत होतं. दहा वाजून गेले होते. मी आत्याच्या हातातून करवंटी ओढून घेतली.

'काखेत कळसा, गावाला वळसा. देवीला भेटून निघालात, आता देवीच्या पायाखाली या. वेढा पडला की राजा ज्या वाटेने निसटे, त्या वाटेच्या दाराशी मी बसलोय.'

"राजा म्हणजे राजवाडा," शेजारच्या भावांतला मोठा म्हणाला. "त्याच्या खालीच भाट्याची खाडी. चला!" रत्नागिरीत राजा म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे ब्रह्मदेशाचा कैदेतला राजाच येतो, त्यात त्याची काय चूक. सगळे रिक्षा शोधायला धावले. मीही चार पावलं धावले. मग थांबले. त्या राजाला कुणी वेढा घातला नव्हता, त्याला इथे आणूनच ठेवला होता. आणि देवी तर सकाळची, आम्ही नारळ ठेवला ती. गडाच्या पोटातून समुद्राकडे उतरणारं एक भुयार आहे, खाली कड्याच्या पायथ्याशी त्याची गुहा आहे. बाबा मला लहानपणी तटावरून ते दाखवत.

"गडाखाली!" मी ओरडले, पण रिक्षा निघून गेली होती. आत्या एका मच्छीमाराच्या दारात जाऊन होडीसाठी हाका मारायला लागली. मी गडाकडे पळत सुटले.

भुयाराचं वरचं तोंड दगडमातीने बरंचसं बुजलेलं होतं. माणूस जाणार नाही, पण वारा येत होता, खारट आणि गार. मी पालथी पडून आत तोंड घातलं आणि हाक मारली. आधी नुसती पाण्याची घरघर ऐकू आली. मग खालून, लांबून, पण अगदी स्वच्छ आवाज आला.

"आलीस? शाब्बास! पण वरनं नाय यायचं. बाकीचे कुठे आहेत?"

ते हसत होते. त्यांना वाटलं, मी खेळ जिंकले.

"बाबा, बाहेर या! पाणी चढतंय!"

"दाराशी आलंय मघापासून. आता उतरेल गो, बाराला तळाला जाईल."

"बाबा, आज पुनव आहे!"

खालून काहीच आलं नाही. पाण्याचा एक मोठा आवाज झाला आणि भुयारातून आलेल्या वाऱ्याने माझे केस उडाले. त्या गप्प बसण्यात ते काय करत होते, हे मला माहीत आहे. ते दिवस मोजत होते.

"होय गो," ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता. "मला वाटलं, उतरतंय."

त्यानंतर मी हातांनी माती उकरत होते. देवळाचे गुरव आणि आणखी दोघे पहार घेऊन धावत आले. दगड निघत होते, पण त्यांच्यामागे दगडच होते. किती शतकांची ती भर होती कोण जाणे. बाबा मधूनमधून बोलत होते. एका उंच दगडावर चढलोय म्हणाले. होडी आली का विचारलं. होडी आली होती, वरून दिसत होती, पण कड्याशी पाणी असं आपटत होतं की तिला जवळ जाता येईना. मी ते सांगितलं नाही. "येतेय, येतेय," म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "किती वाजले?"

अकरा वाजायचे होते. मी तेच सांगितलं. खोटं सांगून उपयोग नव्हता, पाऊणपट त्यांना माझ्याआधी येत होती.

"म्हणजे अजून चढायचंय," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "आत्याला ओरडू नको हां. सुतक पाळायलाच लागतं."

पुढे मी खूप हाका मारल्या. वाऱ्याचे झोत येत राहिले, दर वेळी जास्त जोराचे. दुपारी पाणी ओसरल्यावर मच्छीमारांनी त्यांना गुहेतून आणलं. बक्षीस म्हणून त्यांच्या शबनममध्ये आमच्यासाठी आंबावडी होती, डबा घट्ट लावलेला, आत पाणी शिरलेलं नव्हतं.

सकाळी नाहून फेडलेलं सुतक दिवे लागायच्या आत परत लागलं. सुतक कधी फिटणार असं शेजारणींनी विचारलं तेव्हा आत्याने कॅलेंडरपुढे उभं राहून पुन्हा पेरांवर दिवस मोजले. मला ते बघवेना. मला तिच्यावर, त्या मुंबईच्या मेलेल्या माणसावर, त्या कॅलेंडरच्या चौकटींवर, सगळ्यांवर ओरडायचं होतं. बाबांनी नको म्हटलं होतं, म्हणून ओरडले नाही.

त्या दहा दिवसांतच अष्टमी आली, वद्य अष्टमी.  अकराच्या सुमाराला आत्याने चपला घातल्या आणि मी न विचारता तिच्याबरोबर निघाले. सुतक होतं, म्हणून आम्ही देवळाकडे वळलो नाही, बाहेरूनच तटावर गेलो.

बाराला पाणी तळाला होतं. कड्याखालचा सगळा कातळ उघडा पडला होता, उन्हाने वाळून पांढरा झाला होता. गुहेचं दार मोकळं होतं आणि त्या दाराशी कुणी बाई पाय पसरून कातळाला चिकटलेली कालवं खरवडून काढत बसली होती. तिच्या लुगड्याचा काठसुद्धा भिजलेला नव्हता.

"त्याचं गणित बरोबर होतं गो," आत्या म्हणाली. "दिवस आपण बदलला."

आम्ही ती बाई उठून जाईपर्यंत तिथे उभ्या राहिलो. मग घरी आलो. सुतकाचे दिवस अजून संपायचे होते.