पोछ्याचा भाव

मी डब्लिनला राहतो आणि आई वाशिमला एकटी असते. गेल्या दिवाळीत घरी आलो, तेव्हा रोज दोन तास झाडू-पोछा करायला तिच्यासाठी एक मावशी शोधल्या. त्यांनी कामाचं विचारायच्या आधी सगळं घर फिरून पाहिलं. पलंगाखालीही वाकून पाहिलं आणि नुसतं "हं" म्हणाल्या.

मी महिन्याचा आकडा जरा हात आखडूनच सांगितला. त्या चिडल्या नाहीत.

"भाऊ, तिकडे तुमच्या घरी कोन पुसते?"

"मीच. आधी एक बाई यायच्या, पण तासाचे फार घ्यायच्या."

"मंग तुमाले काम येते." त्यांनी पोछा माझ्या हातात दिला. "एक खोली पुसून दाखवा. तुमी जेवढे पैसे मांगाल, तेवढेच मले द्या."

आई तोंडाला पदर लावून हसत होती, त्यामुळे माघार घेता येईना. मी बादली घेऊन बसलो. त्या दोघी खुर्च्यांवर चहा पीत बसल्या. मावशी मधूनच बशीने कोपरा दाखवायच्या, "तथी राह्यलं."

अर्ध्या खोलीतच माझी कंबर धरली. डब्लिनच्या बाई त्या क्षणी मला अजिबात महाग वाटेनात. उठता उठता मी दुप्पट आकडा सांगितला, वर रविवारची भरपगारी सुट्टी.

मावशींनी कप खाली ठेवला, पदर कमरेला खोचला आणि फरशीकडे निरखून पाहिलं.

"पैसे बराबर सांगतले," त्या म्हणाल्या. "पन तुमाले मी कामावर ठेवलं नसतं."

आणि ती खोली त्यांनी पहिल्यापासून पुसायला घेतली.