किसनदादांच्या घरचं कार्य

आमच्या जवळा बाजारला फुटबॉलचा क्लब आहे असं सांगितलं की बाहेरचा माणूस हसतो. हसू द्या. गावचाच माणूस हसतो, तिथं बाहेरच्याचं काय घेऊन बसलात! क्लबाला तीस वर्षं झाली. या तीस वर्षांत अध्यक्ष, सचिव, कोच, मैदानावर फक्की मारणारा आणि फुटलेला बॉल शिवून आणणारा असा सगळा कारभार एकाच माणसाच्या अंगावर. किसनसिंग त्यांचं नाव. आम्ही किसनदादा म्हणतो.

गावाबाहेर त्यांचा तांडा आहे, तांड्याला लागून गायरान, आणि त्या गायरानातला बरा सपाट तुकडा म्हणजे आमचं मैदान. दादा लहानपणी आश्रमशाळेत होते. तिथल्या एका मास्तरांनी त्यांना फुटबॉल शिकवला आणि तो त्यांच्या डोक्यातून काही गेला नाही. पुढे एका शाळेत शिपाई म्हणून लागले, रिटायर झाले. लेकरू झालं नाही. सहा वर्षांपूर्वी बायको, जिवनबाई, गेल्या आणि घरात दादा एकटेच उरले. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "मला अकरा पोरं हायती की." अकरा पोरं खरी, पण दिवस मावळला की ती आपापल्या घरी जायची, आणि दादा मैदानावरचे झेंडे गोळा करून एका माणसाचा स्वयंपाक करायला लागायचे. मी दुकान बंद करून त्या वाटेनं जाताना कितीदा तरी बघितलं आहे. चुलीपुढं बसून ते चुलीशीच मॅचबद्दल बोलत असायचे.

माझं बाजारात खता-बियाण्याचं दुकान आहे. क्लबाच्या जर्सीवर पाठीमागं माझ्या दुकानाचं नाव असतं. प्रायोजक! दरवर्षी जर्सी द्यायची, पोरांसोबत फोटो काढायचा, फोटो दुकानात लावायचा. आणि मॅच? खरं सांगतो, मी कधी एकही मॅच पुरती बघितली नव्हती. मीच नाही, कुणीच बघत नसे. घरच्या मॅचला वीस-पंचवीस माणसं, त्यातली दहा शेळ्या राखायला आलेली.

गेल्या हिवाळ्यात जिल्ह्याच्या लीगवाल्यांचं पत्र आलं. ज्या क्लबाच्या मैदानावर दुसऱ्या हाफमध्ये दीडशे प्रेक्षक बसलेले दिसणार नाहीत, त्याचं घरचं मैदान बंद, आणि त्याच्या सगळ्या मॅच हिंगोलीत. शेवटच्या मॅचला माणूस येऊन मोजणार. दादा ते पत्र घेऊन दुकानात आले. त्यांचा चेहरा मला बघवेना.

"हिंगोलीला कोन यील, मालक?" ते म्हणाले. "पोरं मजुरीला जात्यात. एक मॅच खेळाया पुरा दिवस मोडायचा? दोन मॅच येतील, तिसऱ्याला न्हाई यायचे. सरला क्लब."

क्लब सरला म्हणजे आपणही सरलो, हे ते बोलले नाहीत. पण मला ते ऐकू आलं.

मग आम्ही काय काय केलं! ऑटोवर भोंगा लावून तीन दिवस फिरवला. व्हॉट्सअ‍ॅपवर मॅचचं चित्र टाकलं. त्यावर शंभर जणांनी अंगठा दाखवला आणि पुढच्या मॅचला त्यातले चार आले. दुकानाच्या बाकावर रोज बसणारा ग्यानबा म्हणून एक म्हातारा शेतकरी आहे. त्याला मी चिडून विचारलं, "रिकामा बसून राहिला इथं, काहून जात न्हाईस मॅचला?"

"जातो की," ग्यानबा शांतपणे म्हणाला. "पर मला आवतन कुठं हाय?"

"तीन दिवस भोंगा वरडून राहिला, ते काय होतं?"

"भोंगा साऱ्या गावाला सांगतो. मला कुनी सांगितलं?"

आता या माणसापुढं कपाळ बडवायचं की भिंत? पण दादा तिथंच उभे होते, आणि त्यांना ते पटलं. आमच्याकडं आहेच तसं. घरी येऊन हात जोडून आवतन दिल्याशिवाय माणूस सख्ख्या पुतण्याच्या लग्नाला जात नाही, आणि आवतन आलं की कितीही तकलीफ झाली तरी तोंड दाखवल्याशिवाय राहत नाही. दादांनी स्वतः हे जन्मभर पाळलं होतं. पंचक्रोशीतलं एक लग्न, एक बारसं, एक तेरावं त्यांनी सोडलं नव्हतं. सगळीकडं टॉवेल-टोपीचा आहेर घेऊन जायचे. त्यांच्या घरी मात्र परत बोलवायला कधी कार्यच निघालं नाही. लेकरू नाही तर कार्य कशाचं निघणार?

पंधरा दिवस दादा दारोदार फिरले. गाव झालं, तांडा झाला, शेवटी पार कुरुंद्यापर्यंत गेले. दोन दिवस मी त्यांना मोटरसायकलवर नेलं, म्हणून पुढची गोष्ट मला ठाऊक आहे. सुमनबाई म्हणून एक बाई, दादांच्या शाळेत स्वयंपाकाला होत्या. त्यांच्या दारात दादांनी हात जोडले, "येत्या रविवारी तीनला गायरानावर यायचं. समद्यांनी."

"कशाचं कार्य काढलं, दादा?" त्यांनी विचारलं.

दादा क्षणभर घुटमळले. फुटबॉल म्हटलं की लोकांचा चेहरा कसा होतो ते त्यांना पाठ होतं. मग म्हणाले, "माझ्याच घरचं कार्य समजा."

सुमनबाईंचे डोळे भरून आले. "येनार म्हंजे येनार," त्या म्हणाल्या. मला ते वाक्य फार आवडलं. गाडीवर बसता बसता मी म्हटलं, "दादा, हेच सांगत चला सगळीकडं. कोन न्हाई म्हनतंय बघू." आणि दादा तेच सांगत गेले. ती अक्कल माझी, हे इथं लिहून ठेवतो.

रविवारी तीनला मॅच सुरू झाली आणि माणसं यायला लागली. मी डोळे चोळले. पायी, गाडीवर, टेम्पोत बसून, बायका नटून, म्हातारे धुतलेलं धोतर नेसून. दादा गायरानाच्या तोंडाशी उभे. कार्य त्यांच्या घरचं. मालकानं दारात उभं राहून आलेल्याला रामराम घालायला नको? मैदान त्यांच्या पाठीमागं. आणि जो तो येऊन काय करत होता? दादांच्या गळ्यात टॉवेल, डोक्यावर टोपी. ग्यानबानं घातली, त्याच्या भावानं घातली, कुरुंद्याच्या लोकांनी घातली. एका टोपीवर दुसरी, दुसरीवर तिसरी. सुमनबाई खण घेऊन आल्या होत्या. खण घरच्या बाईला द्यायचा असतो. त्यांनी हातात घेतला, इकडं तिकडं बघितलं, आणि मग दादांच्याच हातावर ठेवला. "जिवनबाईच्या नावानं," म्हणाल्या.

आणि मग लोक निघायला लागले. आवतन होतं, आलो, मालकाला भेटलो, आहेर केला, झालं. "बसा की, मॅच बघा!" दादा एकेकाला म्हणत होते, हात धरत होते. "येतो आता, ढोरं सोडायची हायती." "लांब जायाचं हाय, दादा. पर आलो बरं का! बराबर ध्यानात ठेवा." इकडून माणूस येत होता, तिकडून जात होता. दादांना आत वळून बघायला सवड नाही. मैदानाच्या कडेला बसले ते नेहमीचे, आणि आणखी काही चुकार.

मी काय केलं? मीही शाल आणली होती. शाल घातली, फोटो काढून घेतला. दुकानात खताची गाडी उतरायची होती. हाफ टाइमच्या आधीच मी तिथून सटकलो.

दुसऱ्या हाफमध्ये लीगच्या माणसानं मोजलं. एकसष्ट. दादा त्याला म्हणाले म्हणे, "साहेब, पाचशे मानसं येऊन गेली. हे टॉवेल मोजा." तो भला माणूस होता, पण त्याच्या हातात काय होतं? "येऊन गेलेले धरता येत नाहीत, काका," तो म्हणाला. "बसलेलेच धरायचे." मॅच आपल्या पोरांनी एक-शून्यनं जिंकली होती. मैदान गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पडलेलं तोंड घेऊन दादांच्या घरी गेलो. बाजेवर टॉवेलांचा ढीग, आणि दादा एकेक उलगडून पुन्हा घडी घालत होते. मला वाटलं होतं रडतील, निदान शिव्या तरी घालतील. मला घालायलाच पाहिजे होत्या.

"समदे आले, मालक," ते म्हणाले. "कुनी राहिलं न्हाई. माझ्यासाठी इतकी मानसं... जिवनबाईनं बघाया पाहिजे होतं." मग आणखी एका टॉवेलाची घडी घालून ठेवली. "पर मी कुठं माझ्यासाठी बोलावलं होतं? पोरायकडं बघा म्हनून बोलावलं होतं."

मग त्यांनी एकदम विचारलं, "गोल कसा झाला हो? माझी पाठ होती तिकडं. आरडा ऐकला निस्ता. पोरांनी सांगितलं राती, पर खेळनाराचं सांगनं येगळं. बघनारानं सांगावं. तुमी होता न्हवं?"

त्या माणसाच्या तोंडाकडं बघून नाही म्हणवेना. "होतो की," मी म्हणालो. आणि सांगत सुटलो. बालाजीनं बॉल मधून घेतला, दोघांना चकवलं, आणि उजव्या पायानं असा हाणला की गोलकीपर बघतच राहिला. दादा डोळे मिटून ऐकत होते. "दोघं चकवले?" "दोघं." "लोक वरडले?" "वरडले म्हंजे! उभे राहिले." "पुन्यांदा सांगा," दादा म्हणाले. मी पुन्हा सांगितलं, यावेळी तिसराही चकवला.

दोन दिवसांनी बालाजी खताची गोणी न्यायला दुकानात आला. मी म्हटलं, "काय गोल मारलास गड्या!" तो लाजला. "कसला गोल, मालक. कॉर्नर आला, गर्दीत माझ्या डोक्याला लागला अन् गेला आत. मलाच कळलं न्हाई. दादाला तसंच सांगितलं त्या राती, तर लई हासले."

म्हणजे मी पहिलं वाक्य बोललो तेव्हाच दादांना कळलं होतं, की मीही तिथं नव्हतो. तरी त्यांनी मला ते दोनदा सांगायला लावलं.