आत्याचं चालणं

आतेभाऊ संजूचा मुखेडहून फोन आला. "बाळू, माय गेली रे..." एवढंच बोलला. लातूरच्या स्टुडिओतून निघून बसनं पोहोचलो, तेव्हा सगळं आटोपत आलं होतं. त्याला महिना झाला. तिला दिलेला एक शब्द मात्र राहूनच गेला.

कौसाआत्यानं मला आपल्या घरी ठेवून शिकवलं. ती रोजानं खुरपायला जायची, मी तिच्या चुलीपुढं अभ्यास करायचो. घरातला पहिला पदवीधर झालो तो तिच्यामुळे. पुढे ॲनिमेशन शिकलो. मागच्या वर्षी शेतीची माहिती सांगणाऱ्या व्हिडिओंसाठी संगणकावर एक शेतकरीण घडवायचं काम आलं. माणसाच्या अंगावर चमकणारे ठिपके लावायचे, चहूबाजूंच्या कॅमेऱ्यांनी त्याची हालचाल टिपायची आणि तीच पडद्यावरच्या बाईला द्यायची. खुरपणारी बाई हवी म्हटल्यावर मला दुसरं कोण आठवणार?

स्टुडिओतला काळा घट्ट पोशाख पाहून आत्या म्हणाली, "आरं, ह्या वयात मला सर्कशीत घालून राहिलास का?" ठिपके लावल्यावर म्हणाली, "बोरं चिटकवलीस, आता बोरीवानी झोडपू नको म्हंजे झालं." सगळे हसले. तिनं घरून आणलेलं खुरपं इतकं लखलखीत होतं की कॅमेरे त्यालाही ठिपका समजले; पडद्यावर हात भलतीकडेच वळू लागला. मी काळी पट्टी आणायला गेलो, तोवर तिनं कुंडीतली ओली माती पात्याला फासली होती. "खुरप्याला माती लागंना, असलं कसलं रान रं तुमचं?"

आत्या डाव्या पायानं लंगडायची. ओळ संपली की कमरेवर हात ठेवून थांबायची. काम देणाऱ्यांना बाई उत्साही हवी होती. मी लंगडणं काढलं, थांबणंही काढलं. सुट्टीत गेलो तेव्हा मोबाइलवर तिला दाखवलं. तिनं बराच वेळ पाहिलं.

"चांगली हाय. पण ही मी न्हाई, बाळू. हिचं काहीच दुखंना."

"तुझं खरं चालणं आहे माझ्याकडे. पुढच्या खेपेला आणतो."

"आण. मला कवा दिसलंय माझं चालणं?"

पुढच्या तीन खेपांना मी ते नेलं नाही. विसरलो, असं तिला सांगितलं. खरं तर लाज वाटत होती... जे मी पुसलं, तेच तिच्यासमोर कसं धरायचं?

परवा मूळ फाइल उघडली. काळ्या पडद्यावर नुसते पांढरे ठिपके. पण डावं पाऊल अडखळलं आणि आत्या आली. ओळ संपली, ती थांबली. काम झाल्यावरही कॅमेरे थोडा वेळ चालूच राहिले होते. ठिपके लंगडत पुढे आले, दोन्ही हात उचलले गेले, रिकाम्या हवेत वरून खाली फिरले आणि तिच्याच कानशिलांवर जाऊन टेकले. तेव्हा माझी अलाबला घेतली होती तिनं, कडाकडा बोटं मोडून. माझ्या अंगावर ठिपके नव्हते, म्हणून मी तिथे दिसत नाही. तिचे हात मात्र माझ्या चेहऱ्याएवढी जागा सोडून फिरतात...