मेसेज जायचा दुकानदाराला

माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. निवृत्त होऊन निर्मळ गावातल्या घरी बसले, तेव्हापासून आमच्या वाडीतला मोगरा ओवायला एक मावशी येतात. विधवा, माझ्यापेक्षा वयाने मोठ्या, खाडीकडच्या गावातल्या. त्यांना सरकारची निराधार पेन्शन मिळते. पण कधी मिळेल, हे कुणीच त्यांना सांगत नसे.

महिन्यातून दोन-तीनदा त्या टोपली अर्धी टाकून उठायच्या. "बाय, बँकेत जाऊन येते. पैशे आले का बगते." दोन रिक्षा बदलायच्या, रांगेत उभं राहायचं आणि खिडकीशी पोहोचल्यावर ऐकायचं, "अजून जमा नाही, पुढच्या आठवड्यात या." रिक्षाला पैसे नसले की गावातल्या दुकानात वीस रुपये देऊन विचारायच्या. आधारकार्डापासून पेन्शनपर्यंत सगळी कामं करणारं ते दुकान. तिथेही तेच उत्तर.

एका एप्रिलमध्ये त्या बँकेतून परतल्या आणि ओटीवर बसूनच राहिल्या. पाय सुजले होते. "जरा पानी दे," एवढंच म्हणाल्या. पुढच्या खेपेला मी सोबत गेले.

खिडकीतल्या माणसाने मान वर न करता सांगितलं, "आजी, पैसे आले की मेसेज जातो तुम्हाला. उगाच कशाला धावपळ करता?"

"कोनता मेसेज? माज्याकडं फोनच नाय."

"खात्याला नंबर लावलाय."

मी विचारलं, "कुणाचा नंबर?"

"तो सांगता येत नाही, मॅडम."

"ज्यांचं खातं आहे त्या तुमच्या समोर उभ्या आहेत." माझा आवाज चढला. त्याने नाइलाजाने शेवटचे चार आकडे वाचून दाखवले.

मावशींचं खातं गावातल्या त्याच दुकानात उघडलं होतं. आम्ही थेट तिथे गेलो. दारावरच्या पाटीवर फोन नंबर रंगवला होता. शेवटचे चार आकडे तेच. नोकरीभर मी नंबरच हाताळले, मला दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही.

म्हणजे मावशींची पेन्शन जमा झाल्याचा प्रत्येक मेसेज या दुकानदाराच्या खिशात वाजत होता. आणि तेच विचारायला त्या त्याच्याकडे वीस रुपये देत होत्या!

मला वाटलं होतं, तो नाकारेल. त्याने फोनच माझ्यापुढे धरला. बँकेचे मेसेज संपता संपत नव्हते. निम्म्या गावाची खाती.

"बाई, नंबर टाकल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही," तो म्हणाला. "या लोकांकडे फोन नव्हते. मी माझा टाकला. नाहीतर खातीच उघडली नसती."

"बरोबर. मग मेसेज आल्यावर सांगायला काय झालं होतं?"

"सगळ्यांना सांगत बसलो तर दुकान कोण बघणार?"

त्याच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, भीतीही नव्हती. मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. मावशी माझा दंड धरून म्हणत होत्या, "चल बाय, चल." आणि मला त्यांचाही राग आला. त्या चिडत का नाहीत?

घरी कपाटात माझा जुना बटणांचा फोन पडून होता. त्यात मावशींच्या नावाने सिमकार्ड घातलं. खात्याचा नंबर बदलायला बँकेत तीन खेपा झाल्या. एकदा अंगठा पुसट उठला, एकदा साहेब रजेवर होते. तिसऱ्या वेळी मी खुर्ची ओढून काउंटरसमोर बसले आणि काम होईपर्यंत उठणार नाही म्हणून सांगितलं.

पुढचं काम इतकं सोपं होतं की त्याचाच संताप येतो. बँकेचा एक नंबर असतो. त्यावर मिस कॉल द्यायचा, फोन आपोआप कट होतो आणि शिल्लक किती ते मेसेजने कळतं. मी तो नंबर दोनच्या बटणावर बसवला, ते दाबून धरलं की कॉल लागतो. मेसेज इंग्रजीत येतो, पण मावशींना आकडे ओळखता येतात, एसटीच्या पाट्यांनी शिकवलेत. कुठला आकडा बघायचा ते त्या दोन दिवसांत शिकल्या. इतकी वर्षं त्यांनी पाय झिजवले ते या एका बटणासाठी. आणि मी, जिचं पोट टेलिफोनवर भरलं, त्यांच्या शेजारी बसून फुलं निवडत होते आणि एकदाही विचारलं नव्हतं. त्या रागाचं काय करावं, मला अजून कळलेलं नाही.

पावसाळ्यानंतर सलग दोन महिने मेसेजमधला आकडा वाढला नाही. मावशी मला न सांगता तहसील कचेरीत गेल्या. तिथे कळलं, हयातीचा दाखला मिळाला नाही म्हणून पेन्शन थांबवली होती. दाखला त्यांनी दिला होता, पोचही जपून ठेवली होती.

"पैसे थांबलेत हे तुम्हाला कुणी सांगितलं?" कारकुनाने विचारलं.

"माज्या फोननी," मावशी म्हणाल्या. "तुमी कोन सांगनार होता?"

हे त्यांनी मला ओटीवर उभं राहून, हातवारे करून सांगितलं. महिनाभराने थांबलेले पैसे एकदम जमा झाले.

आता त्यांच्या गावातल्या बायका कागद घेऊन माझ्याकडे येतात. परवा एकीच्या फॉर्मवरचा नंबर मी लावून पाहिला. कुणीतरी दूर परराज्यातला माणूस हिंदीत बोलला. कुणाचा तरी बंद पडलेला हा नंबर कंपनीने त्याला नव्याने दिला होता.

"हाँ, बँक के मेसेज आते हैं," तो म्हणाला. "मैं डिलीट कर देता हूँ."

ती बाई समोर बसली होती. "काय म्हनतो तो?" तिने विचारलं. मी तिला खरं तेच सांगितलं.