सत्ताविसावं काम

छापील अक्षरावर आमच्या दाजींइतका विश्वास ठेवणारा माणूस अख्ख्या मोखाडा तालुक्यात झाला नाही, आणि यापुढे होईल असं मला काही वाटत नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, खोडाळ्याला गुरुजी. ही गोष्ट नव्वदीच्या दशकातली. पगार झाला की दाजी एसटीनं जव्हारला जायचे आणि येताना एक पुस्तक आणायचे. कथा-कादंबऱ्यांशी त्यांचं वैर नव्हतं, पण "वाचून झाल्यावर तिचं करायचं काय?" असा त्यांचा रोकडा सवाल असे. म्हणून घरी येत ती स्वयंपाकाची, बागेची, नाहीतर परसात करायच्या कामांची पुस्तकं. आणि दाजी ती नुसती वाचत नसत, करत. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, क्रमानं, एकही पान न सोडता. मधलंच पान उघडून भाजी करणारा माणूस त्यांच्या लेखी अर्धवट होता.

स्वयंपाकाच्या पहिल्या पुस्तकात सुरुवातीलाच बावीस चटण्या होत्या. ताईच्या घरी बावीस दिवस चटणी झाली. उपवासाच्या पदार्थांचं प्रकरण आलं तेव्हा पंचांगात धड एक उपवास नव्हता, तर दाजींनी आपणहून आठवडाभर उपवास धरले. कुठल्या देवाचे, असं ताईनं विचारलं तर म्हणाले, "देव नंतर ठरवू, आधी भगर भिजत घाल." कमाल झाली ती दिवाळीत. पुस्तक नेमकं आजाऱ्यांच्या पथ्यापाशी आलेलं. मी भाऊबीजेला गेलो, तर ताटात मुगाचं कढण आणि मऊ भात. शेजारची म्हातारी नागलीच्या भाकऱ्या द्यायला आली होती, ती ताटं बघून दारातच थबकली आणि ताईला हळूच म्हणाली, "कोण आजारी हाय गं बाय? सांगलं नाय ते?" ताईनं नुसतं दाजींकडे बोट दाखवलं.

बागेच्या पुस्तकात सातव्या पानावर हिरवळ होती. दाजींनी नाशकाहून हिरवळीच्या मुळ्या मागवल्या आणि दोरी धरून परसात ओळीनं लावल्या. ते बघायला आजूबाजूच्या पाड्यांवरून माणसं आली. साऱ्या पावसाळ्यात भातातलं गवत उपटून ज्यांचे हात सोलवटतात, त्यांच्यासमोर एक शिकलासवरला माणूस उकिडवा बसून गवत लावत होता. म्हातारी म्हणाली, "गुरुजी, आमच्या शेतात फुकट हाय, न्या की लागंल तेवढं." दाजींनी शांतपणे तिला सातवं पान दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं, पण चित्र बघून तिनं मान डोलावली.

हसतो आम्ही, पण सांगताना माझी छाती फुगते. बदलीच्या गावी दिवस मोजत बसणारे मास्तर पुष्कळ पाहिले. दाजींनी मात्र भाड्याच्या घरामागचा मुरूम फोडून तिथं वांगी, भेंडी, कारली काढली. शाळेतल्या पोरांनी पेरू पहिल्यांदा तोडून खाल्ला तो दाजींच्या परसातला. घरमालकानं पुढं कौतुकानं ती जागा त्यांनाच देऊन टाकली.

एकच गोष्ट ताईला खुपायची. परसातल्या कामांचं जे जाडजूड पुस्तक होतं, त्यात सत्ताविसावं काम होतं छपराचं पाणी साठवायची टाकी. खोडाळ्याला पावसाळ्यात आभाळ फाटतं आणि होळी झाली की विहिरीचा तळ दिसतो. ताई रोज सहा खेपा करायची, डोक्यावर दोन हंडे घेऊन, विहिरीच्या निसरड्या पायऱ्या चढून. दर वर्षी ती म्हणायची, "अहो, ते सत्ताविसावं आधी घ्या ना." दाजी म्हणायचे, "येईल क्रमानं. लिहिणाऱ्यानं काही विचार करूनच क्रम लावला असेल." एका कामाला कधी दोन-दोन महिने लागायचे. एका उन्हाळ्यात एकोणिसावं काम आलं, पाखरांसाठी पाण्याचं भांडं. ते दाजींनी फार सुबक केलं. ताई रोज हंड्यातलं तांब्याभर पाणी त्यात ओतायची.

त्याच उन्हाळ्यात ती पायरीवरून घसरली. मनगट मोडलं, जव्हारला नेऊन प्लास्टर घातलं. मी भेटायला गेलो तेव्हा पाणी दाजी आणत होते. तिसऱ्या दिवशी सहावी खेप करून आले, हंडा ओट्यावर ठेवला. मग हात पुसले, पुस्तक घेतलं आणि माझ्यादेखत सात कामं एकदम उलटली. असं करताना मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं. म्हणाले, "पाहुणे, माझं चुकलं." माझ्याशी बोलत होते, पण ताई आत ऐकत होती.

मग महिनाभर त्या परसात दुसरं काही झालं नाही. प्लास्टरातला हात मांडीवर ठेवून ताई खुर्चीत बसायची आणि पुस्तक मोठ्यानं वाचायची. दाजी ऐकून जाळी वाकवायचे, सिमेंट लिंपायचे. 'जागा स्वच्छ झाडून घ्यावी' हे वाक्य आलं तेव्हा झाडलेली जागा त्यांनी पुन्हा झाडली, एवढा जुना स्वभाव शिल्लक होता. टाकी झाली, पन्हळी लागल्या, सगळं पुस्तकाबरहुकूम. आणि आषाढात पाणी पन्हळीवरून उड्या मारून अंगणभर झालं, टाकीत म्हणावं तर धार पोचेना. म्हातारी डोक्यावर इरलं घेऊन बघत उभी होती. "गुरुजी, ह्या पुस्तकवाल्यानं आमचा पाऊस नाय पाह्यला," ती म्हणाली, "दुप्पट रुंद करा." पूर्वीचे दाजी तिला पान दाखवायला गेले असते. या दाजींनी भर पावसात पन्हळी उतरवल्या, तेलाचे डबे कापून दुप्पट रुंद केल्या आणि पुस्तकात समासात लिहिलं, 'आमच्याकडे दुप्पट.' आठवड्यात टाकी काठोकाठ. पुढच्या दोन वर्षांत पाच घरांनी ते पुस्तक नेऊन टाक्या बांधल्या, समासासकट. मधली सात कामं दाजींनी पुन्हा कधी हाती घेतली नाहीत.

लग्न झाल्यापासून ताईनं माहेरच्या माणसांना उन्हाळ्यात कधी बोलावलं नव्हतं. त्या मुलखात कोणीच बोलावत नाही. पाहुण्याला घोटभर पाणी देताना हात आखडावा लागतो, त्यापेक्षा न बोलावलेलं बरं. पुढच्या वैशाखात तिचं कार्ड आलं. "सगळे या. आईला आणा. पाणी आहे." आई ते कार्ड वाचून डोळे पुसत बसली.

आम्ही गेलो. मोरीत माझ्यासाठी दोन बादल्या भरून ठेवल्या होत्या. सवयीनं मी एकीतच आटोपलं आणि पंचा ओढला. बाहेरून ताईनं विचारलं, "दुसरी घेतलीस?"

"हो," मी म्हणालो.

"खोटं बोलू नकोस. आवाज आला नाही मला."

दाजींचा आवाज आला, हळू, जरा विनवल्यासारखा. "घ्या हो पाहुणे. तिला ऐकायचंय."

मी पंचा परत खुंटीला लावला, तांब्या बुडवला आणि दाराबाहेर तिला नीट ऐकू जाईल अशी ती दुसरी बादली सावकाश अंगावर ओतली.