पूजेचा बॉल

छत्तीसगड नवं राज्य झालं, तेव्हा फुटबॉलची राज्य संघटनाही नवी हवी म्हणून वैशाली नगरातल्या आमच्या घरी बैठका सुरू झाल्या. आमचे हे सहसचिव. चहा करून करून माझे हात दुखले, पण अध्यक्ष कोण अन् उपाध्यक्ष कोण, हे काही संपेना. फुटबॉलचं नाव एकानंही काढलं नाही.

शेवटी उद्घाटनाचा सामना ठरला. पदाधिकारी सगळे इथल्या स्टील प्लांटमधले. प्लांटमध्ये विश्वकर्मा पूजेला मशीनला हळदकुंकू लावतात आणि त्या दिवशी ती चालवत नाहीत. त्याच सवयीनं या मंडळींनी नवाकोरा बॉल टेबलावर ठेवला, हार घातला, नारळ फोडला, आरती केली. मग अध्यक्षांनी तो मैदानाच्या मधोमध नेऊन ठेवला आणि शिट्टी वाजली.

कोणी हलेना. कॅप्टन रोलिंग मिलमधला, आमच्या भंडाऱ्याकडचा. तो हात जोडून म्हणाला, "साहेब, आत्ताच त आरती केली. आता याले लाथ कशी मारू?"

एवढे पदाधिकारी, पण दुसरा बॉल कोणी आणलाच नव्हता. पेढे वाटून सगळे घरी गेले.

बॉल आमच्या देवघरात आला. संघटनेतली माणसं बदलली, भांडणं तीच राहिली. बॉलमधली हवा केव्हाच गेली, पण दर दसऱ्याला हे त्याला कुंकू लावतात. यंदा मी म्हटलंच, "अहो, कुंकू राहू द्या. पहिले पंप आणा."