समोरचा काठ

माझ्या मुलाचं पहिलं रडणं मी ऐकलेलं नाही. ऐन वेळी त्याचे ठोके मंदावले, मला पूर्ण भूल दिली आणि सिझेरियन झालं. मी डोळे उघडले तेव्हा तो दुपट्यात गुंडाळलेला, शांत झोपलेला होता. ऑपरेशन थिएटरबाहेर उभ्या असलेल्या नवऱ्याने मात्र ऐकलं. "कसा रडला?" असं मी त्याला किती वेळा विचारलं असेल! त्याचं आपलं एकच उत्तर, "जोरात." लेकरू धडधाकट होतं, देवाने दिलं त्यात खोट काढू नये हेही कळत होतं. तरी आत एक जागा रिकामी राहिली होती. दुसऱ्या वेळी मी जागी असणार, असं मी ठरवूनच टाकलं होतं.

छत्तिशी ओलांडली होती, म्हणून घाई. मुलगा बसायला लागतो न लागतो तोच मी इथल्या, जबलपूरच्या राइट टाउनमधल्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अभी नहीं. टांके बाहर से भर गए हैं, अंदर से भी भरने दीजिए." निदान दीड-दोन वर्षांचं अंतर हवं, नाहीतर आतली शिवण उसवण्याचा धोका. मला ते कळलं, पण सोसलं नाही. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, आपण थांबायचं नाही, एकदा दिवस गेले की डॉक्टर काय करणार आहेत? तो नुकताच फॅक्टरीतून येऊन बूट काढत होता. "काहून इतकी घाई करून राहिली तू? मला आधी तू पाहिजे," म्हणाला. मी त्याच्याशी धड बोलेना. कुकरच्या शिट्ट्याही पुऱ्या होऊ न देणारी बाई मी, मला कोणी वर्षभर थांब म्हणायचं म्हणजे काय!

त्याच रागात एका संध्याकाळी मुलाला घेऊन ग्वारीघाटावर गेले. दसरा होऊन गेला होता, नर्मदेचं पाणी निवळलं होतं. लहानपणापासून इथे येत होते, पण हवा खायला. त्या दिवशी पायरीवर बसून मी नर्मदामैयाशी मनातल्या मनात चक्क भांडले. मुलगा कुरकुरला तशी ओरडले, "अरे, थांब ना जरा!" आणि शेजारून आवाज आला, "मराठी हायेस व्हय गं?"

पांढऱ्या लुगड्यातली, साठीची बाई. साताऱ्याकडची. ओंकारेश्वराहून नर्मदा परिक्रमा उचलून पायी इथवर आली होती आणि चातुर्मास लागला म्हणून घाटावरच्या धर्मशाळेत थांबली होती. त्या काळात परिक्रमावासी चालत नाहीत. पुढे कुठे जाणार, विचारलं तर तिने समोरच्या काठाकडे बोट केलं. "तितंच जायचंय. पर उगमाला, अमरकंटकाला वळसा घालून."

समोर म्हणजे आमचा गुरुद्वाऱ्याचा काठ. नावा सारख्या ये-जा करत होत्या. मी शहाणी पटकन म्हणाले, "मावशी, चला की नावेत, आत्ता पोचाल!" जन्म जबलपुरात गेला माझा, आणि मी परिक्रमावासीला मैया ओलांडायला सांगत होते. तिने दोन्ही कान पकडले आणि खळखळून हसली. "अगं बाई, ओलांडली की समदी चाल वाया! मला काय त्यो काठ दिसत न्हाई? रोज दिसतो. रोज वाटतं, उठावं. पर मैयानं बस म्हनलंय, तर बसायचं."

बोलतानाही तिची नजर त्या काठावरच होती. तिच्या डोळ्यांत माझ्याइतकीच ओढ होती, राग मात्र नव्हता. मी तिला माझ्याबद्दल अक्षरही सांगितलं नव्हतं, तरी मला रडू आवरेना. तिने माझ्या मुलाच्या तोंडात चिमूटभर साखर घातली आणि "नर्मदे हर" म्हणून उठली. घरी येऊन मी नवऱ्याला एवढंच म्हटलं, "थांबू या." तो चहा टाकायला गेला.

थांबणं सोपं गेलं असं नाही. चेरीताल मोहल्ल्यात कोणाचं डोहाळजेवण असलं की मी ओटी भरून जेवायला न थांबता परत यायचे. देवउठनी एकादशीला चातुर्मास संपल्यावर शिधा घेऊन घाटावर गेले, तर मावशी निघून गेली होती. मी तिचं नावही विचारलं नव्हतं.

पुढे डॉक्टरांनी होकार दिला, दिवसही राहिले. नैसर्गिक बाळंतपण व्हावं, अशी फार इच्छा होती. शेवटी पुन्हा सिझेरियनच ठरलं, तेव्हा मैयाला म्हटलं, तू म्हणशील तसं. या वेळी भूल कमरेखालीच होती. पुढ्यात हिरवा पडदा, मला काहीच दिसेना. मग पडद्यापलीकडून माझी मुलगी रडली. जोरात. नवरा खरंच सांगत होता. डॉक्टरीणबाई टाके घालताना म्हणाल्या, "अच्छा किया, आप रुक गईं."

आता दोघांना घेऊन घाटावर जाते तेव्हा आधी समोर बघते. मावशी केव्हाच त्या काठाने पुढे गेली असेल, तरी एखादं पांढरं लुगडं दिसलं की हात जोडले जातात. मुलगी मांडीवर रडायला लागली, तर मी तिला लगेच गप्प करत नाही. पलीकडून कोणी चालत जात असेल, तर त्यांनाही ऐकू जावं.